बोटभर चमत्कार

"वाढली! बोटभर वाढली!"

तळ्याच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली शंभर-दीडशे माणसे एकदम ओरडली आणि पाण्यातले बगळे उडून गेले. गर्दीच्या मधोमध तेरा वर्षांची कुंता उभी होती, गळ्यापासून पायांपर्यंत आईच्या लुगड्यात गुंडाळलेली. दोरनाथ महाराजांचा एक हात तिच्या डोक्यावर होता, दुसऱ्या हातात गाठ मारलेला दोरा. काल संध्याकाळी त्यांनी तिला टाचेपासून टाळूपर्यंत मोजून ती गाठ मारली होती. आज पहाटे तोच दोरा बोटभर अपुरा पडत होता.

"देख लो, भक्तहो!" महाराज गरजले. "नागपूर का डागदर हड्डी को चुन्यात गाडतो! हम मंत्राने खींचतो! सापासारखी टेढी रीढ़ बांबूसारखी सीधी होणार!"

ही भाषा हिंदी की मराठी, ते कळायला मार्ग नव्हता. ज्याला दोन्ही धड येत नाहीत, त्याला देववाणी बोलण्याची सोय असते.

साल १९५७. मी नुकताच बी.एस्सी. होऊन नागपूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांच्या हाताखाली लागलो होतो. मुलांचा कणा वाढत्या वयात बाजूला का वाकतो, याचे ते संशोधन करत होते. चांदा जिल्ह्यातल्या गावागावांत जाऊन मुलांच्या पाठी मोजायच्या, हे माझे काम. सामान म्हणजे एक पोलादी टेप, गवंड्याचा ओळंबा आणि वही. कुरखेड्याजवळच्या या गावात लोक मला 'पाठमोजे मास्तर' म्हणत.

कुंता मला सापडली ती रोवणीत. बायका बांधीतल्या चिखलात ओळीने वाकून धान लावत होत्या. सगळ्यांच्या पाठी सपाट. एकीच्या पाठीची उजवी बाजू मात्र शेताच्या धुऱ्यासारखी, बांधासारखी उंच. कणा नुसता वाकत नाही, पिळलाही जातो आणि एका बाजूच्या बरगड्या वर ढकलतो. उभे राहिले की ते लुगड्यात झाकले जाते, वाकले की लपत नाही. डॉक्टरसुद्धा मुलाला वाकायला सांगून मागूनच पाहतात. या झाडीपट्टीतल्या बायका ही परीक्षा दरवर्षी महिनाभर देतात. पाहणारा कोणी नसतो, इतकेच.

मी तिची मापे कळवली तसे डॉक्टरांचे पत्र आले: "मुलीला महिनाअखेर आणा. वाढ चालू आहे तोवरच प्लास्टरच्या जॅकेटचा उपयोग. पाठ सरळ होईल असे वचन देत नाही. बाक वाढायचा थांबू शकेल. उशीर झाला तर पुढे श्वासालाही त्रास होईल." कुंताचा बाप डोमा, तळ्यावर मासे धरणारा ढिवर, तयार झाला. वडशाहून गाडीने जायचे ठरले.

तेवढ्यात महाराज आले. डॉक्टर वचन देत नव्हते, महाराज देत होते. गाव कोणाकडे जाणार?

विधी असा: दिवस मावळायच्या आधी कुंताने तळ्यातून एकवीस घागरी डोक्यावर आणून महाराजांच्या दगडावर ओतायच्या. मग माप. मग रात्रभर चटईवर उताणे पडायचे, उठून बसायचेसुद्धा नाही. पहाटे उठल्या उठल्या पुन्हा माप. दोरा डोमाच्याच घरचा, जाळे विणायचा. मोजून झाले की डोमाने तो धुनीत टाकायचा आणि संध्याकाळी नवा दोरा आणायचा. असे दहा दिवस चालले होते.

मला वाटले, लबाडी दोऱ्यात आहे. रात्रीच्या दमट हवेत दोरा आखडत असणार. मी टेप पुढे केला.

"लोहा लगाव, सोना लगाव!" महाराज हसले.

त्या संध्याकाळी मी कुंताला भिंतीशी उभे करून स्वतः मोजले: चार फूट सहा इंच. पहाटे मोजले. चार फूट सहा इंच आणि वर अर्ध्या इंचाहून थोडे जास्त. मी तीनदा मोजले. आकडा हलेना.

"मास्तर," लटारू तेली म्हणाला, "तुमची पट्टी बी महाराजांची चेली झाली जी!"

गाव खदखदून हसले. डोमा हसला नाही. त्याने डॉक्टरांचे पत्र माझ्या हातात परत दिले. "आता नागपूर नाई, भाऊ. तुमीच मोजलं, तुमीच पाह्यलं."

गाडी दोन दिवसांवर होती. मी त्याच सकाळी शाळेच्या पडवीत वही उघडून बसलो. टेप खोटा नव्हता, मुलगी खोटी नव्हती. मग दोन मापांमध्ये बदलले काय? मंत्र बदलला नव्हता. तो दोन्ही वेळा तितकाच अशुद्ध होता. बदलली होती ती फक्त वेळ. मी चटकन उठलो, शाळेच्या दाराशी ताठ उभा राहिलो आणि डोक्याच्या उंचीवर कोळशाने रेघ मारून घेतली. संध्याकाळी पुन्हा तिथेच उभा राहिलो. रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. मी, विज्ञानाचा पदवीधर, दिवसभरात अर्धा इंच खचलो होतो.

मी थेट डोमाच्या घरी गेलो. कुंताची आई रुखमा दिवसभर रोवणी करून येऊन चुलीपाशी बसली होती.

"रुखमाबाई, तुमची उंची मोजू द्या. आत्ता, आणि पहाटे उठल्यावर."

"मायी कायले? मी का पोट्टी आहो वाढाले?"

"म्हणूनच."

पहाटे मोहाखाली सगळ्यांसमोर मी तिला मोजले. रुखमाही बोटभर वाढली होती. गर्दी महाराजांकडे वळून पाहू लागली.

महाराज गप्प होणाऱ्यांतले नव्हते. "बेटी का प्रसाद माँ को मिळाला! एका घरात देव आला की सबको बरकत!"

"मीही वाढलो," मी म्हणालो. "मी तर तुम्हाला नमस्कारसुद्धा केलेला नाही."

मी सांगितले ते असे. कण्याच्या मणक्यांमध्ये मऊ गाद्या असतात. दिवसभर अंगाच्या भाराने त्यांतले पाणी उतरते आणि त्या दबतात. रात्री आडवे पडले की पुन्हा फुगतात. म्हणून प्रत्येक माणूस सकाळी थोडा उंच असतो. डोक्यावर एकवीस घागरी वाहिल्या की संध्याकाळचे माप आणखी खाली येते. महाराज वाढवत काही नव्हते. आधी दाबत होते.

लटारू डोके खाजवत पुढे आला. "महाराज, पोट्टी रोज बोटभर वाढते म्हनता. बारा दिसाचे बारा बोटं झाले. ते रोज सांजेले कुठी जातेत?"

"पापी लोकांच्या शंकेमुळे..." महाराज सुरू झाले. "पहिले दिन से आज तक कितनी वाढली, ते फक्त धुनी जाणते!"

तेव्हा डोमा खाकरला. "पहिला दोरा हाये माह्याजवळ."

महाराजांचा चेहरा प्रथमच खरा दिसला.

"जाळ्याचा दोरा ढिवर कदी आगीत टाकत नाई," डोमा खाली मान घालून म्हणाला. "म्या धुनीत गवत टाकलं. बाराही दोरे जाळ्याच्या टोपल्यात हायेत. माफी करा, महाराज."

माफी मागत तो टोपले घेऊन आला. पहिला दोरा वेगळा ठेवलेला होता, पहिला प्रसाद म्हणून.

महाराज घाईने म्हणाले, "तो लगाव, अभी लगाव!"

"आत्ता नाही," मी म्हणालो. "तो दोरा संध्याकाळचा आहे. संध्याकाळीच लावू. घागरीही वाहू द्या, तुमच्याच रीतीने."

संध्याकाळी सगळे गाव पाळीवर होते. कुंता एकविसावी घागर ओतून आली. डोमाने स्वतः टाचेखाली दोऱ्याचे टोक दाबले आणि दोरा वर ताणला. बारा दिवसांपूर्वीची गाठ बरोबर टाळूवर बसली. केसभरही फरक नाही.

"उंचाई सोडा! पीठ सीधी झाली ना!" महाराज ओरडले.

रुखमा पुढे आली. तिने पोरीच्या अंगावरचे लुगडे पाठीवरून बाजूला सारले. "कुंता, रोवणीले वाकते तशी वाक."

कुंता वाकली. उजवी बाजू धुऱ्यासारखी वर आली, पहिल्या दिवशी होती तशीच. वाकल्या वाकल्याच ती पोरगी म्हणाली, "मी तं रोज सांगत होती, माय, घागरी उचलून पाठ दुखते. ते कोणी मोजलंच नाई."

रुखमाने लुगडे पुन्हा तिच्या पाठीवर ओढले. महाराज आपला दगड तिथेच टाकून निघाले. दगड जड होता आणि त्यांना घाई होती. पुढे महिनाभराने ते पोंभुर्ण्याकडे पोरांना मोजत होते, असे ऐकले. दोरा कुठेही मिळतो.

डोमाने बाराही दोरे टोपल्यात परत ठेवले. मग मला विचारले, "उद्याची गाडी किती वाजता म्हनली होती, भाऊ?"

कुंता नऊ महिने प्लास्टरमध्ये राहिली. तिची पाठ बांबूसारखी सीधी झाली नाही. बाक तिथेच थांबला, आणि डॉक्टरांनी तेवढेच सांगितले होते.

वाचकहो, तुमच्या गावातही कोणी गाठ मारलेला दोरा घेऊन येईल. त्याला शिव्या देऊ नका, हातही जोडू नका. पहिला दोरा जपून ठेवा, आणि त्याला सांगा, महाराज, संध्याकाळी थांबा. पुन्हा मोजायचे आहे.