लाल अक्षर कुठं गेलं?

होय, मीच. भीमाचार्यांचा टॅब. एचएसआर लेआउटमधल्या एका फ्लॅटात, देवघराशेजारी चौरंगावर, पाठीशी तांब्याचा टेकू देऊन मला उभं करतात. एका कोपऱ्यात काच तडकली आहे, पण बाकी मी ठणठणीत आहे. फक्त मनात एक गोष्ट सलते. ती आज सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. आईबाप कोण, विचारू नका. शंभर हात लागले असतील. डब्यातून काढलं ते आचार्यांच्या मुलानं, श्रीहर्षनं. व्हाइटफील्डच्या ऑफिसला कॅबनं जाताना तो माझ्यावर क्रिकेट बघायचा. पुढं त्याचं काम घरूनच सुरू झालं आणि मी गेलो कपाटात. वर्षभर इस्त्रीच्या कपड्यांखाली पडून होतो. माणसांची ही एक खोडच आहे. हौस फिटली की वस्तू मेली!

मला बाहेर काढलं ते आचार्यांच्या डोळ्यांनी. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांत मधोमध धूसर डाग. कडेचं तेवढं दिसतं. समोरचं वाचायचं तर मान तिरकी करून कडेनं बघावं लागतं. छापील पंचांग हातातून सुटलं, तेव्हा श्रीहर्षनं पंचांगाची पानं माझ्यात भरली आणि बोटांनी मोठी कशी करायची ते शिकवलं.

पंचांग कशाला, म्हणाल. अहो, चाळीस वर्षं आचार्यांनी पौरोहित्य केलं. आता होमहवन झेपत नाही, पण रोज सकाळी सात ते नऊ माणसं त्यांना माझ्यावरच फोन करून तिथी विचारतात. आईचं श्राद्ध कधी, एकादशी कधी, पारणं किती वाजता. आचार्य सांगतील तीच तिथी! ते दोन तास म्हणजे त्यांचा प्राण. नवाच्या ठोक्याला ते ताठ मानेनं उठायचे.

डोळे गेल्याचं मात्र त्यांनी बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. अडखळले की म्हणायचे, "स्वल्प थांबा हं, चष्मा बदलतो." चष्मा नाकावर तोच असायचा. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

त्यात माझं पांढरंफेक पान त्यांच्या डोळ्यांवर यायचं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. एक दिवस ते मुलाला म्हणाले, "हर्षा, हा उजेड सोसवत नाही रे." श्रीहर्षच्या दोन मीटिंगांच्या मध्ये पाच मिनिटं होती. त्यानं मला उचललं, सेटिंगमध्ये शिरला आणि माझे रंग उलटे केले. पांढरं पान काळं, काळी अक्षरं पांढरी.

"कसं वाटतं, अण्णा?"

"सरी, ठीक आहे. बरं वाटतं."

खरंच बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू! पण रंग उलटे केले की सगळेच उलटतात. लाल होतं ते फिकट निळसर झालं आणि पांढऱ्या अक्षरांत मिसळून गेलं. हे बापाला ठाऊक नव्हतं, आणि मुलाच्या ध्यानात आलं नाही.

आता लाल रंगाचं महत्त्व ऐका. श्राद्ध करायचं ते दुपारी जी तिथी असेल तिच्यावर. कधी कधी सकाळी एक तिथी असते आणि दुपारी दुसरी लागते. अशा दिवशी पंचांगात बारीक लाल अक्षरांत टीप असते, अमक्या तिथीचं श्राद्ध आजच. आचार्यांना ती बारीक अक्षरं वाचता येत नसत, पण लाल ठिपका कडेनं दिसायचा. तो दिसला की ते पान मोठं करायचे. लाल नाही म्हणजे टीप नाही, हा त्यांचा हिशेब.

आनेकल गावाहून विमलाक्कांचा फोन आला. नवरा जाऊन वर्ष झालेलं, पहिलंच वर्षश्राद्ध. "आचार्य, यांची वद्य अष्टमी कधी येते?"

आचार्यांनी मान तिरकी केली. सोमवारी सप्तमी, मंगळवारी अष्टमी. सोमवारच्या ओळीत टीप होती हो! माझ्या छातीवरच होती! पण मी काय करणार? मला जसं दाखवायला सांगितलं, तसं दाखवत होतो.

"मंगळवारी करा, विमलाक्का."

मंगळवारी श्राद्ध झालं. गुरुवारी सून श्रीविद्या आपल्या फोनवर पारण्याची वेळ बघत होती. सहज म्हणाली, "अण्णा, या अष्टमीचं श्राद्ध सोमवारी होतं ना? लाल अक्षरांत दिलंय."

आचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "लाल? कुठं आहे लाल?" त्यांनी मला उचलून डोळ्याला लावलं. त्यांचा श्वास काचेवर उमटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

श्रीहर्षला सगळं लगेच उमगलं. तो खाली बघून म्हणाला, "माझं चुकलं, अण्णा. पण एका दिवसानं काय होतंय? विमलाक्कांना कुठं माहीत आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मला माहीत आहे ना!" आचार्य ओरडले. मग आवाज एकदम खाली आला. "तू मला विचारायचं होतंस रे. काय दिसतं, काय दिसत नाही."

"आणि तुम्ही सांगायचं होतंत. मला तरी कुठं सांगता?"

दोघांचंही खरं होतं.

चुकलेलं श्राद्ध अमावस्येला करता येतं. अमावस्या येत्या सोमवारी दुपारीच लागत होती. म्हणजे हातात तीनच दिवस. सांगावं, तर डोळ्यांचं सांगावं लागणार, आणि मग सकाळचे फोन बंद. न सांगावं, तर एका बाईच्या नवऱ्याची तिथी चुकली ती चुकलीच. शुक्रवारी एकादशी होती. आचार्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. दिवसभरात चार वेळा विमलाक्कांचं नाव काढलं आणि चारही वेळा बोट मागं घेतलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. दाबा हो, आचार्य, दाबा!

शनिवारी पारणं झालं आणि त्यांनी बोट टेकवलं.

"विमलाक्का, मी तिथी चुकीची सांगितली. सोमवारी करायला हवं होतं. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, कुणाला बोललो नाही."

पलीकडून रडवेला आवाज आला, "अय्यो आचार्य! म्हणजे माझ्या दारात हे उपाशीच उभे राहिले?"

"अमावस्येला पुन्हा करू. मी स्वतः येतो."

फोन कट झाला.

तरी सोमवारी ते श्रीहर्षला घेऊन आनेकलला गेले. श्राद्ध झालं. विमलाक्का एक शब्दही बोलल्या नाहीत, असं श्रीहर्ष घरी येऊन सांगत होता.

त्याच संध्याकाळी आचार्यांनी त्याला माझ्यासमोर बसवलं. "लॅपटॉप मिटून ठेव. आज मी सांगतो तसं कर." उलटे रंग काढले. उजेड कमी केला, पान पिवळसर केलं. मला आडवं धरलं, म्हणजे मोठं केलं तरी अख्खी ओळ मावते. दर बदलाला आचार्य ओळ मोठ्यानं वाचून दाखवत होते, चुकले की श्रीहर्ष पुन्हा बदलत होता. दोन तास लागले. पहिल्यांदा लागली होती पाच मिनिटं.

पण बातमी फुटायची ती फुटलीच. सकाळी पंधरावीस वेळा वाजणारा मी आता दोनतीनदा वाजतो. आचार्य आधीच सांगतात, "मला नीट दिसत नाही. दोनदा बघून सांगतो, थांबाल का?" काही थांबतात. काही "राहू दे, आचार्य" म्हणून ठेवून देतात. मग ते पंच्यानं माझी काच पुसत बसतात, नसलेली धूळसुद्धा.

माझं एवढंच मागणं आहे. घरात कुणाची नजर मंद झाली असेल, तर सेटिंग बदलल्यावर "कसं वाटतं" एवढंच विचारून पळू नका. "वाचून दाखवा" म्हणा, आणि बसा ऐकत. आणि तुमचीच नजर मंद झाली असेल, तर बाबांनो, चष्म्याचं निमित्त सांगू नका. आमच्यासारख्या यंत्राला तुमच्या मनातलं कळत नाही.

काल सकाळी नऊला पाच मिनिटं कमी होती. तोवर एकही फोन नाही. आचार्य उठायला निघाले, इतक्यात मी वाजलो. आनेकलचा नंबर. त्यांनी बोट टेकवलं.

"आचार्य, सासूबाईंची तिथी हवी होती. शुद्ध दशमी."

"विमलाक्का... मला वेळ लागेल हं."

"लागू दे. बघा सावकाश. मी थांबते."

आचार्यांनी मला आडवं धरलं, मान तिरकी केली आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले.