वर्वरा थांबली तेव्हा

या, असे पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलं की कीर्तनातसुद्धा डोळा लागतो, आणि आजची कथा डुलक्या घेत ऐकण्यातली नाही. टाळ-चिपळ्या घटकाभर मांडीवर ठेवा. कथा एका परक्या मुलीची आहे, रशियातली, आणि घडली ती हॅम्बर्गला, आपल्याच माणसांच्या घरात राहत असताना. नाव तिचं वर्वरा. सगळे वार्या म्हणत.

वार्या बर्फावर नाचायची. पायात पात्यांचे बूट, हातात जोडीदाराचा हात आणि खाली आरशासारखा बर्फ. आइस डान्स म्हणतात त्याला. तुम्ही फुगडीच समजा की! एकटीला घालताच येत नाही. समोरचा हात सुटला की कितीही मोठी नाचणारी असो, तिनं कडेला उभं राहायचं.

तिचा हात मायदेशीच सुटला होता. लढाई सुरू झाली आणि रशियाच्या स्केटरांना जगाच्या स्पर्धांची दारं बंद झाली. जोडीदार म्हणाला, "मी इथंच राहणार." वार्या म्हणाली, "मी नाही." ती निघाली, आणि तिच्या आईनं तिचा फोन उचलणं सोडलं. जुन्या संघटनेनं तिला मोकळं करायला इतका वेळ लावला, की जर्मनीत लहान मुलांना बर्फावर उभं राहायला शिकवता शिकवता तिला अठ्ठाविसावं लागलं. कमरेत उसण भरायला लागली. या खेळात मुली ढीगभर आणि मुलगे शोधून सापडत नाहीत. अशा वयाच्या, अशा कमरेच्या मुलीला नवा जोडीदार मिळायचा म्हणजे देवच पावायला हवा.

देव पावला तो तनय ओगलेच्या रूपानं. एकोणीस वर्षांचा, उंच, हसरा पोरगा. वडील जयंत विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. आई ऊर्मिला, जीव लावणारी बाई. हॅम्बर्गात भाड्याची खोली मिळता मिळत नाही, म्हणून तिनं वार्याला आपल्याच घरातली माडीवरची खोली दिली. पोळ्या लाटताना ऊर्मिला फोनवर कीर्तन लावायची, आणि वार्या कळत नसतानाही टेबलाशी बसून पायानं ठेका धरायची.

"तनय, पोळी खाऊन जा रे," ऊर्मिला हाक मारायची.

"काइन हुंगर, मामा!" म्हणजे भूक नाही.

"मराठीत बोल की, मेल्या!"

"आल्झो, माइन गोट!" म्हणजे अरे देवा. आणि दार धाडकन बंद.

"कळतं त्याला सगळं," ऊर्मिला वार्याला जर्मनमध्ये सांगायची. "पण तोंडातून मराठीचा एक शब्द काढेल तर शपथ. मला आईसुद्धा म्हणत नाही. मामा म्हणे!"

वार्याला मात्र त्या घरातला एकच मराठी शब्द कळायचा, तो म्हणजे आई. संध्याकाळी ऊर्मिला सोलापूरला फोन लावून "हॅलो, आई" म्हणाली, की वार्या जिन्यातच थांबायची. बोलणं संपल्याशिवाय खाली यायची नाही.

बर्फावर दोघांची वेगळीच गंमत.

"चल ओमा," म्हणजे आजीबाई, "कंबर आणलीस का घरी विसरलीस?" तनय विचारायचा.

"तू मला उचलतोस की बटाट्याचं पोतं?"

"पोतं तक्रार करत नाही."

शिकवणाऱ्या बाई होत्या लिडिया पावलोव्हना, जुन्या रशियन वळणाच्या. त्यांचा एक नियम होता. दोघांतला एक पडला तर दुसऱ्यानं थांबायचं नाही. हात तसेच गोल, हसू तसंच, पावलं तशीच चालू. पडलेला उठून आपल्या जागेवर येतो. वार्या सहा वर्षांची असल्यापासून हेच शिकत आली होती. बुवांना ठसका लागला तरी टाळकऱ्यांचा टाळ पडत नाही ना, तसं ते तिच्या अंगात मुरलं होतं.

अशात निवड स्पर्धा आली. जिंकले तर जर्मनीच्या संघात जागा. तिच्या नागरिकत्वाच्या अर्जाला तिथल्या संघटनेचा पाठिंबाही मिळणार होता. हरले तर काहीच नाही, कारण तनयनं वडिलांना कबूल केलं होतं, एवढा एकच सीझन, मग ब्राउनश्वाइगला शिकायला. वार्यापुढं दुसरा मुलगा नव्हता, दुसरं वर्ष नव्हतं. आदल्या दिवशी कळ थांबवणारं इंजेक्शन घेऊन ती आली आणि पायऱ्या बसत बसत चढली.

पहिला नाच त्यांनी सोन्यासारखा केला. दुसऱ्याही नाचाचा अर्धा भाग पार पडला. हॉल टाळ्यांनी भरला होता, आणि वार्याला कमरेची आठवणसुद्धा राहिली नव्हती. एका वळणावर तनयच्या पात्याचं टोक बर्फात रुतलं. तो मागच्या मागं पडला. डोकं आपटल्याचा आवाज वरच्या रांगेतल्या ऊर्मिलालाही ऐकू आला.

वार्या थांबली नाही. तिचे हात रिकाम्या हवेभोवती गोल राहिले. ती हसत राहिली. नसलेल्या खांद्यावर मान टेकवून ती फिरली, नसलेल्या हातात हात दिला आणि वाट बघत राहिली, की आता येईल, या पावलाला येईल, पुढच्याला तरी येईल. पंचांची शिट्टी वाजली, संगीत तुटलं. मग तिनं वळून पाहिलं. तनय बर्फावर बसलेला होता आणि आपल्या हातमोज्यांकडं बघत होता.

अशा वेळी तीन मिनिटांची सवलत असते. तेवढ्यात उभे राहिलात तर जिथं तुटलं तिथून पुढं नाचता येतं. नाहीतर बाद. वार्यानं त्याला उठवून कठड्याशी आणलं.

"पुढं करू शकाल?" पंचांनी विचारलं.

"या, या. गेनाऊ," तनय हसून जर्मनमध्ये म्हणाला. म्हणजे हो, हो, अगदी.

पंचबाईंचं समाधान झालं. त्या घड्याळाकडं वळल्या. तनय वार्याकडं वळला आणि हळूच म्हणाला, "बूट काढ ना. पाय दुखतोय माझा."

मराठीत! वार्याला शब्द कळले नाहीत, पण भाषा कळली. रोज स्वयंपाकघरात ऐकत होती ती. ज्या पोरानं कधी मराठीतून उत्तर दिलं नाही, ते तिच्याशी, एका रशियन मुलीशी, मराठीत बोलत होतं आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. हे दुसऱ्या कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

"उभी काय राहिलीस?" लिडिया पावलोव्हना रशियनमध्ये फिसकारल्या. "तो हो म्हणाला ना? वेळ संपतोय!"

आता ऐका. देव तिला क्षमा करो. वार्यानं तनयचा हात धरला आणि ती त्याला आत घेऊन निघाली. पावलं त्याच्या पायांना पाठ आहेत, तिनं स्वतःला सांगितलं. एक उचलणं आणि दोन गिरक्या उरल्यात. एवढं होऊ दे रे देवा, मग मला हवं ते कर. कपाळ ते छाती, उजवा खांदा, डावा खांदा, तिनं क्रूसाची खूण केली. जिथं नाच तुटला होता तिथं दोघं उभी राहिली. तिनं त्याचा हात आपल्या कमरेवर ठेवला. हात बर्फासारखा गार आणि सैल. पंचांनी संगीत लावायची खूण करायला हात वर केला.

तनयनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि लहान मुलासारखा म्हणाला, "आई."

वार्यानं त्याला सोडलं नाही. एका हातानं त्याला कवटाळून तिनं दुसरा हात उंच केला आणि ओरडली, "आम्ही थांबतो! डॉक्टर!"

बस. वीस-बावीस वर्षांचा बर्फ त्या एका ओरडण्यात संपला.

तनयच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. तो वाचला, शिकायलाही गेला, पण त्या दिवसातलं त्याला काहीच आठवत नाही. लिडिया पावलोव्हनांनी वार्याशी बोलणं टाकलं. आणि ऊर्मिला? ती धावत खाली पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं. पंचांनीच नाच थांबवला असं तिला वाटलं.

"माझं पोर पडलं होतं गं," इस्पितळाच्या पॅसेजमध्ये ती म्हणाली, "आणि तू हसत होतीस."

नाच आपणच थांबवला, हे वार्याला सांगता आलं असतं. सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. आपण त्याला परत आत नेलं, त्याचा हात उचलून आपल्या कमरेवर ठेवला, हेही. तिनं माडीवरची खोली रिकामी केली. मग तिनं एका मुलाला जोडीदार होशील का म्हणून विचारलं, त्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यानं स्पष्टच कळवलं, की लोक आम्हाला त्या व्हिडिओवरून ओळखतील.

हो, व्हिडिओ आहे. जगभर फिरला. एक मुलगी रिकाम्या मिठीत हसत नाचतेय आणि मागं पोरगा पडलाय. खाली लोक लिहितात, यंत्र आहे यंत्र, काळीज नाही हिला. तिच्या देशातले लिहितात, पळून गेलेलीची लायकी हीच. शिट्टी वाजते आणि व्हिडिओ तिथंच संपतो. पुढचं कुणी काढलंच नाही.

तेव्हा माय-बाप हो, हात जोडून एवढंच मागणं आहे. कुणी हसत हसत तो व्हिडिओ तुमच्यापुढं धरला, तर शिट्टी वाजल्यावर लगेच फोन परत देऊ नका. क्षणभर थांबा आणि त्यानंतर उंच झालेला तो हात मनात आणा. सांजवात लावाल तेव्हा आपल्या लेकरांच्या नावांमागं हळूच एक नाव घ्या. वर्वरा म्हणा. अवघड वाटलं तर वार्या म्हणा, चालेल तिला.