दुधात पाणी कुठून आलं

घोटीजवळच्या महिला दूध संस्थेत १९९९ साली दूध थंड करायचं यंत्र बसलं. पुढच्याच उन्हाळ्यात नाशिकच्या डेअरीतून निरोप आला, तुमच्या दुधात पाणी आहे.

संस्थेच्या अध्यक्ष चतुराबाईंनी स्वतः उभं राहून प्रत्येकीचं दूध तपासलं. सगळं चोख निघालं. म्हणजे पाणी पडत होतं ते नंतर. टँकर भरायला मोतीराम असायचा. चतुराबाईंनी दूध घालणाऱ्या बायकांच्या भर रांगेत त्याला चोर म्हटलं आणि कामावरून काढलं. पाणी मात्र थांबलं नाही.

मग त्यांची नजर यंत्र चालवणाऱ्या रंगनाथवर गेली. त्याची पाठ वळली की त्या नळ्या निरखायच्या. एकीतून दूध आत जायचं, दुसरीतून बर्फाचं पाणी, आणि दोन्ही एकाच यंत्रात!

"रंगनाथ, दूध नि पाणी एका जागी कशापायी जातंय रे?" एका सकाळी त्यांनी तोंडावरच विचारलं.

"एका जागी नाय, मावशी. आत स्टीलचे पातळ पत्रे हायेत, एकाला एक लावलेले. या अंगानं दूध, त्या अंगानं पाणी. दुधाची गरमी पत्र्यातून पाण्यात जाती. दूध पाण्याला शिवत बी नाय."

"हे तू सांगतोस."

रंगनाथचा चेहरा उतरला. "माझ्यावर संशय हाय ना? मग होऊन जाऊ द्या खात्री."

दूध यायच्या आधीच त्यानं दुधाच्या नळीत साधं पाणी सोडलं. बर्फाच्या पाण्यात हलवायाकडून आणलेला जिलबीचा रंग ओतला आणि पंप सुरू केला. दुधाच्या नळीच्या तोंडाशी चतुराबाई काचेचा पेला धरून बसल्या. पाणी स्वच्छ येत होतं. रंगनाथ हसणार, तेवढ्यात पेल्यात केशरी झाक उतरली.

"आईशप्पथ मावशी, मला ठावं नव्हतं!"

बोल्ट सोडवून त्यानं पत्रे सुटे केले. एकाला केसाएवढी चीर गेली होती. तिच्यातूनच पाणी दुधात झिरपत होतं.

चतुराबाईंना हायसं वाटलं, आणि लगेच मोतीराम आठवला. त्या तडक त्याच्या घरी माफी मागायला गेल्या.

"चोर म्हणालात ते चारचौघांत," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "माफी बी तिथंच मागा."

दुसऱ्या सकाळी रांगेसमोर त्या उभ्या राहिल्या. "मोतीरामनं काय बी केलं नाय. यंत्राचा पत्रा चिरला होता. चूक माझी."

बाह्या वर सारून मोतीराम टँकरवर चढला.