खाजकुइलीची पूड

माझ्या उजव्या हाताने पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणांचे नकाशे काढले. त्या हातावर आता माझ्या सुनेचा विश्वास नाही. यात तिची चूक नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच चिडलेला दिसेन.

मला पार्किन्सन आहे. गोळ्या सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात. गोळी लागू असेपर्यंत मी माणूस, उतरली की लाकूड. सातची गोळी दहाच्या सुमारास उतरायला लागते आणि नेमकी साडेदहाला प्राचीची ऑफिसची मीटिंग असते. ती घरूनच काम करते. मुलगा अच्युत नऊलाच बाहेर पडतो. म्हणजे त्या वेळी चंदीगडजवळच्या एयरोसिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ऋचाला घ्यायला मी एकटा. ऋचा माझी नात, पाच महिन्यांची.

पहिल्याच दिवशी तिला मांडीवर घेतलं आणि हात असा थरथरला की पोरीच्या मानेला हिसका बसला. प्राचीने एक शब्द न बोलता तिला उचललं आणि तिला घेऊनच मीटिंगला बसली. चिडली असती तरी चाललं असतं. त्या दिवशी मी भूक नाही म्हणून जेवलो नाही. भूक होती.

पार्कात सैनीसाहेब भेटतात. बँकेतून निवृत्त झालेले, पण जगातल्या प्रत्येक रोगावर त्यांच्याकडे इलाज. त्यांनी एक डबी हातात ठेवली. "कौंच के बीज का चूर्ण है जी. बिल्कुल हर्बल. साइड इफेक्ट का सवाल ही नहीं."

डबीवरचं शेंगांचं चित्र पाहिलं आणि हसूच आलं. ही तर आमची खाजकुइली! संगमेश्वरला शाळेत असताना हिच्या शेंगांची कुसळं आम्ही एकमेकांच्या सदऱ्यात टाकायचो. रानवेलीचं बी, ते काय वाईट करणार? डॉक्टरांना विचारावं असं मनात आलं होतं. पण विचारलं की नाही म्हणतात, म्हणून विचारलं नाही.

रोज साडेनऊला एक चमचा, कोमट पाण्यातून. पाचव्या दिवशी साडेदहा वाजले तरी हात शांत होता. मी स्वयंपाकघरातून काठोकाठ भरलेला चहाचा कप प्राचीसमोर नेऊन ठेवला. तिने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ऋचाला माझ्या मांडीवर दिलं. "बाबा, खुर्चीतून उठू नका हं."

दहा दिवस मी राजा होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून कुणाला काही बोललो नाही. मग एकदा हात जरा कुरकुरला आणि मी दोन चमचे घ्यायला लागलो. अति तिथे माती, हे मी शंभर लोकांना ऐकवलं असेल. पाऊल आपोआप वळवळायला लागलं, तेव्हा मुंग्या आल्या असतील अशी स्वतःची समजूत घातली.

बुधवारी पावणेअकराला ऋचा मांडीवर होती आणि प्राची आतल्या खोलीत, दार लावून, कानांना हेडफोन लावून. आधी पाऊल हललं. मग गुडघा. मग खांदा वर चढला, मान एकीकडे वळली आणि हात माझा राहिला नाही. ही थरथर नव्हती, कुणीतरी आतून पिळत होतं. ऋचाला वाटलं खेळ चाललाय. ती खिदळायला लागली.

"प्राची!" मी ओरडलो. पुन्हा ओरडलो. आतून तिचं इंग्रजी बोलणं ऐकू येत होतं.

उठावं तर पोरीसकट पडलो असतो. बसून राहावं तर ती मांडीवरून घसरत होती. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. तिला दोन्ही कोपरांच्या बेचक्यात दाबलं आणि पाठ घासत खुर्चीवरून खाली सरकलो. खाली सतरंजी होती. तिला त्यावर ठेवलं आणि माझा हात तिला लागू नये म्हणून लोळत लांब झालो. तेवढ्यात अकराच्या गोळीचा गजर वाजला.

मीटिंग संपवून प्राची बाहेर आली. ऋचा जमिनीवर, मी भिंतीशी वळवळतोय. तिचा चेहराच उतरला. "बाबा, गोळीला उशीर झाला म्हणून होतंय का हे?" तिने घाईघाईने गोळी आणि पाणी आणलं.

आधीच जास्त झालंय, हे मला तोवर कळून चुकलं होतं. तोंड उघडलं असतं तर डबीचं सांगावं लागलं असतं. मी गोळी गिळली. दुपारपर्यंत अंग पिळवटत राहिलं आणि ती बिचारी घामाने भिजलेले माझे सदरे बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच चंदीगडला डॉक्टर सुहासिनींकडे गेलो. बाई आपल्या नाशिकच्या. त्यांनी माझं अंग पाहिलं, गोळ्यांची यादी पाहिली. "काका, ही औषध जास्त झाल्याची लक्षणं आहेत. पण एवढ्या डोसला इतकं होऊ नये. आणखी काही घेता? काढा, चूर्ण?"

"नाही मॅडम, दुसरं काहीच नाही," अच्युत ठामपणे म्हणाला.

"मग अकराची गोळी अर्धी करू." त्यांनी पेन उचललं.

गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. बोललो तर प्राचीला कळणार होतं की चोरून काहीबाही खाऊन मी तिची पोर मांडीवर घेत होतो. मग ऋचा मला पुन्हा कधीच घ्यायला मिळणार नव्हती. पण गप्प राहिलो तर उद्या ती पुन्हा त्याच मांडीवर येणार होती.

"एक चूर्ण आहे," मी म्हटलं आणि खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, या बियांत मुळातच तेच औषध असतं, जे तुमच्या गोळीत आहे. गोळीत किती, ते मला ठाऊक असतं. चमच्यात किती, ते कुणालाच नाही. मी आज गोळी कमी केली असती आणि ही डबी संपली असती, तर तुम्हाला पलंगावरून उठता आलं नसतं. चूर्ण बंद. गोळ्या होत्या तशाच, मनाने एकही कमी-जास्त करायची नाही. कधी काय होतं ते लिहून ठेवा आणि आठवड्याने या. काही जास्त वाटलं तर लगेच फोन करा."

परत निघालो. ऋचा प्राचीच्या कुशीत झोपली होती. विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर प्राचीने विचारलं, "का पण, बाबा?"

"साडेदहाला हात चालत नाही ना. अकराची गोळी घेतली की साडेअकरापासून चालतो."

"मग तसं म्हणायचंत! मीटिंग आहे ती, लग्नाचा मुहूर्त नव्हे. एक मेसेज टाकून मी ती तासभर पुढे ढकलली असती."

नाक पुसायला रुमाल काढला, तो हातातून पडला.

तिने तो उचलून दिला. आवाज अजून रागातच होता. "डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून ऋचा तुमच्याकडे, साडेअकराला. सुरुवातीला मी शेजारी बसणार. तोवर नाही."

"बरं," मी म्हटलं.