सतरा नंबरची खूणपट्टी

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात टेबलावर पुस्तक टाकून उठून गेलेलं खपत नाही. हा नियम जुन्या ग्रंथपालांचा. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचा धाक अजून कायम आहे. वाचनकक्षात शिरताना दाराजवळच्या खोक्यातून एक लाकडी खूणपट्टी उचलायची, तिच्यावर नंबर असतो. कपाटातून पुस्तक काढलं की त्या फटीत पट्टी उभी करायची. वाचून झालं की पुस्तक परत तिथंच आणि पट्टी परत खोक्यात. नवीन मुलं आठ दिवस कुरकुर करतात आणि नवव्या दिवशी दुसऱ्यांना शिकवायला लागतात. संध्याकाळी येऊन पाहिलंत तर टेबलं इतकी लख्ख की दिवसभरात इथं कोणी फिरकलं होतं यावर विश्वास बसू नये. मला याचा केवढा अभिमान होता! सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

मी देवघेवीच्या काउंटरवर बसते. एकोणतीस वर्षं झाली, निवृत्तीला चौदा महिने उरलेत. विद्यार्थ्यांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला काकू म्हणतात. तीन वर्षांपूर्वी नवे ग्रंथपाल आले, तेही काकूच म्हणतात. फक्त अडचणीत असले की 'मॅडम' म्हणतात.

सर माणूस वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही सगळा दोष त्यांच्या माथी माराल आणि मी सुटेन. त्यांनी कॉम्प्युटर आणले, जुने प्रबंध स्कॅन करून घेतले, लांबून येणाऱ्या मुलांचे हेलपाटे वाचले. आमच्याकडे एक विद्यार्थिनी आहे, तिला दिसत नाही. पूर्वी तिची आई शेजारी बसून घसा कोरडा होईपर्यंत वाचून दाखवायची. आता कॉम्प्युटर वाचून दाखवतो, मुलगी हेडफोन लावून स्वतः ऐकते आणि आई बाहेरच्या बाकावर विणत बसते. हे मी रोज बघते. त्यामुळे कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतली मी नाही.

पण दोन वर्षांपूर्वी एक यादी आली. पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं बाद करायची आणि लगद्याच्या कारखान्याला द्यायची. जागा मोकळी हवी होती, पण शेवटची यादी दोन वर्षांनी ठरणार होती. कॉम्प्युटरनं एका मिनिटात अकराशे सेहेचाळीस पुस्तकं काढून दिली. मी यादी वाचत गेले आणि चौथ्या पानावर माझा हात थांबला. तिथली जवळजवळ सगळी पुस्तकं सतरा नंबरची होती.

सतरा नंबर म्हणजे एक बाई, पस्तिशीतली. सकाळच्या शाळेत शिकवते, बाराला आमच्याकडे येते, साडेचारला उठते. नेहमी सतरा नंबरचीच पट्टी उचलते म्हणून हे नाव पडलं, आणि ते तिलाही ठाऊक आहे. शहराच्या जुन्या पाणीपुरवठ्यावर तिचा प्रबंध चाललाय. विहिरींची मोजमापं, नळांचे नकाशे, कोणत्या तरी विसरलेल्या समितीचे अहवाल, असलं काहीबाही वाचते. घरी दोन खोल्या. एकीत अंथरुणाला खिळलेले सासरे, दुसरीत टीव्ही आणि उरलेलं सगळं घर. "काकू, मला घरी वहीसुद्धा पसरून ठेवता येत नाही हो," असं ती एकदा हसत म्हणाली होती. सहा वर्षांत तिनं एकही पुस्तक घरी नेलं नाही. खिडकीजवळची खुर्ची, चार तास, आणि पुस्तक परत जागेवर.

म्हणजे पुस्तक वाचलं जातंय हे मला धडधडीत दिसत होतं, फक्त कॉम्प्युटरला दिसत नव्हतं. त्याला घरी नेलेलं तेवढंच कळतं. मग मी एका शुक्रवारी तिचा सभासद क्रमांक टाकला, त्याखाली चार अहवालांचे दाखल क्रमांक टाकले आणि बटण दाबलं. सोमवारी चारही परत घेतले. पुस्तकं कपाटातून तसूभरही हलली नव्हती. यात खोटं काय, असं मी मनाला समजावलं. वाचते तीच, मग नोंद तिच्या नावावर झाली तर बिघडलं कुठं?

पुढच्या शुक्रवारी आणखी चार. मग नऊ नंबरच्या निवृत्त अभियंत्याच्या नावावर, मग बावीस नंबरच्या नावावर. आणि खरं सांगायचं तर मग अशीही पुस्तकं, जी कोणीच उघडत नव्हतं, पण मला टाकवत नव्हती. हात एकदा सैल झाला की त्याला आवर कुठला!

आमच्या ह्यांना एकदा सांगितलं. ते पोट धरून हसले. "धन्य आहेस. लोक पुस्तकं ढापतात, आणि तू न नेलेली पुस्तकं लोकांच्या गळ्यात मारतेस." मग हसू आवरून म्हणाले, "सांभाळ मात्र. पेन्शन हातात पडेपर्यंत नसते उद्योग नकोत." मी म्हटलं, कोणाला कळणार आहे?

कळलं कोणालाच नाही, रडायचं ते त्याचंच. दोन वर्षांत यादी अकराशेवरून एकतीस पुस्तकांवर आली. देवघेव तिप्पट झाली. सर खुश, प्राचार्य खुश. त्या आकड्यांच्या जोरावर आधुनिकीकरणाचं अनुदान मंजूर झालं आणि एक सल्लागार आले. त्यांनी तीन आठवडे रोज संध्याकाळी दोन माणसं पाठवली. ती माणसं वाचनकक्षात फिरायची, टेबलं बघायची, कागदावर काहीतरी लिहायची आणि निघून जायची. मला वाटलं, रंगकाम करायचं असेल.

मग बैठक झाली. पडद्यावर दोन खांब दाखवले. एक उंचच्या उंच, ती देवघेव. दुसरा खांब नव्हताच, नुसती जमिनीला चिकटलेली रेघ.

"इतर ठिकाणी लोक वाचलेली पुस्तकं टेबलावर सोडतात, आम्ही तीच मोजतो," सल्लागार म्हणाले. "तुमच्याकडे एकवीस दिवसांत शून्य. खुर्च्या भरलेल्या असतात, मान्य. पण बसणारे फोन चार्ज करतात, डबे खातात. तुमचा वाचक पुस्तक घरी नेऊन वाचतो. फार चांगली गोष्ट आहे ही. मग एवढा मोठा कक्ष कशाला अडवून ठेवायचा?"

कक्षाच्या काचेच्या खोल्या होणार होत्या. गटानं चर्चा करायची, फोनवरून आधी जागा राखायची. एकट्यानं येऊन बसायची सोय त्यात नव्हती. पुस्तकं आतल्या दालनात राहणार, हवं ते घ्या आणि घरी जा. एक तारखेपासून काम सुरू.

मी शेवटच्या रांगेत बसले होते. टेबलं लख्ख होती कारण आम्ही ती लख्ख ठेवायला शिकवलं होतं, आणि तो उंच खांब मी एकटीनं दर शुक्रवारी बसून रचला होता. उठून बोलावं असं वाटलं. उठलेही. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, तर म्हटलं, "चहा सांगू का?"

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. शुक्रवार, सोमवार, सतरा नंबर, सगळं. सरांनी मध्येच उठून दार लावलं. नंतर बराच वेळ ते टेबलावरचं पेन सरळ करत होते.

"मॅडम, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही."

"सर, सांगतेच आहे की."

"नाही. ऐका. अनुदान या आकड्यांवर आलंय. अहवालावर माझी सही आहे, प्राचार्यांची आहे. उद्या आकडे खोटे ठरले, तर तुम्ही जाल, मी जाईन. ते एक वेळ राहू दे. पण त्या नोंदी रद्द झाल्या की यादी पुन्हा अकराशेवर. ती सगळी पुस्तकं त्याच दिवशी लगद्याला. त्या बाईंचे अहवालसुद्धा."

"आणि वाचनकक्ष?"

"पैसे मंजूर झालेत ते काचेच्या खोल्यांसाठी. ते आता वाचनकक्षाला वळवता येत नाहीत."

"टेबलं परत मोजायला सांगा. मी सगळ्यांना सांगते पुस्तकं टेबलावर सोडा म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रात्र रात्र न झोपलेल्या माणसासारखा होता. "काकू," ते म्हणाले, "चौदा महिने. गप्प बसा, मीही बसतो."

बोलले तर पुस्तकं जाणार, गप्प बसले तर वाचनकक्ष. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, आणि दोन्ही मीच खणलेली. मी काउंटरवर परत आले. आमच्या काउंटरला आत-बाहेर करायला एक फळी आहे, ती वर उचलून आत शिरायचं आणि मागे खाली टाकायची. एकोणतीस वर्षं टाकली. त्या दिवशी तिचा आवाज मला सहन झाला नाही. मी त्या शुक्रवारीही नोंदी केल्या. थांबवल्या असत्या तर आकडा एकदम खाली आला असता आणि कोणी विचारलं असतं. आता ते काम दया म्हणून नव्हतं, भीतीनं होतं.

दारावर सूचना लागली: आमचे वाचक पुस्तकं घरी नेऊन वाचतात, म्हणून एक तारखेपासून वाचनकक्ष बंद. सतरा नंबरनं ती उभ्यानं दोनदा वाचली आणि माझ्याकडे आली.

"काकू, सात आठवडे राहिलेत हो. मुदत दोनदा वाढवून झालीय, आता नाही मिळत. सात आठवडे तरी थांबतील का? तुम्ही सांगून बघाल?"

"सांगते," मी म्हटलं. काय सांगणार होते, माझं मलाच माहीत नव्हतं. ती "तुम्ही आहात म्हणून" असं काहीतरी म्हणाली. माझी नजर तिच्या चपलांवरून वर उठेना.

महिना संपायला दोन दिवस असताना नवं यंत्र आलं. वाचकानं स्वतःच कार्ड दाखवायचं, पुस्तक ठेवायचं, यंत्र नोंद करतं आणि बाईच्या गोड आवाजात बोलतं. दारात नवं फाटकही आलं. नोंद नसलेलं पुस्तक बाहेर निघालं की ते बोंब मारतं. काउंटरवर माझ्यासाठी काम असं उरलंच नाही. मी नुसती बसून होते.

तो शनिवार होता. म्हणजे शुक्रवारच्या नोंदी सोमवारपर्यंत तिच्या नावावरून उतरणार नव्हत्या. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा सतरा नंबर यंत्रासमोर पोचली होती. छातीशी एक जाडजूड अहवाल. सहा वर्षांत पहिल्यांदा ती पुस्तक घरी नेणार होती.

मी फळी उचलेपर्यंत तिनं कार्ड दाखवलं. यंत्र सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं, "आपल्या नावावर चार पुस्तकं आहेत. मर्यादा पूर्ण झाली आहे." तिनं गोंधळून पुस्तक ठेवलं. "हे पुस्तक आपल्याच नावावर आहे. धन्यवाद." आणि खालून चिठ्ठी बाहेर येऊ लागली. कोणीतरी हौसेनं 'आपला वाचनप्रवास' नावाची सोय चालू ठेवली होती. चिठ्ठी थांबेचना. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, मग हातभर झाली, मग जमिनीला टेकली.

ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक.

"काकू, मी परत करायची विसरले का काही? पण मी तर नेलंच नाही. थकबाकी नाही असा दाखला मिळाला नाही तर प्रबंध घेणार नाहीत ते माझा." मग ती तारखा वाचायला लागली. "शुक्रवार. शुक्रवार. हाही शुक्रवारच." ती हुशार बाई आहे. विहिरींच्या जुन्या नोंदींत खोट कुठं आहे ते शोधण्यातच तिची सहा वर्षं गेली होती. तिनं वर पाहिलं.

"तुम्ही?"

मी मान हलवली. "पुस्तकं लगद्याला निघाली होती. तुझीच होती सगळी. म्हणून."

"आणि ते म्हणतात की आमचे वाचक घरी नेऊन वाचतात..." तिनं चिठ्ठीकडे पाहिलं. "म्हणजे मीच. माझ्याच नावानं माझी खुर्ची गेली."

मला रडू आलं, आणि त्या वयात काउंटरवर रडण्याची लाज वाटली, तरी आलंच. "मी लिहून देते," मी म्हटलं. "आत्ता. सही करून. मला जे व्हायचं ते होऊ दे." मी कागद ओढला आणि खरंच लिहायला लागले. दोन ओळी झाल्या असतील.

"लिहिलंत तर या अहवालांचं काय होईल?" तिनं विचारलं.

मी लिहायची थांबले.

"जातील ना?"

"जातील."

तिनं माझ्या हाताखालून तो कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि आपल्या पिशवीत टाकला. आवाजात राग होता, पण तो खालच्या पट्टीतला.

"राहू द्या माझ्याच नावावर. मला अजून सहा अहवाल लागतील, तेही टाका, मर्यादेचं तुम्ही बघा. सात आठवडे मला ते हवेत. नंतर तुम्ही आणि तुमचा देव बघून घ्या."

"वाचशील कुठं?"

"जिन्यात," ती म्हणाली. "आमच्या मजल्यावर दिवा आहे."

ती निघाली. मी फळीच्या आत उभी होते. वाटत होतं, फाटक बोंब मारेल, सगळे धावत येतील, आणि मग एकदाचं सगळं उघड्यावर येईल. मी अक्षरशः वाट बघत होते. ती पुस्तक छातीशी धरून फाटकातून गेली.

फाटक वाजलं नाही. नोंद बरोबर होती.