मायणीच्या तळ्यावरचा शिक्रा

लेन्स लालासाहेबांची होती आणि कॅमेरा जोतीरामचा. एवढ्याच कारणानं ही दोन माणसं तीन वर्षं दर रविवारी एका मोटारसायकलवर बसली, नाहीतर एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती.

लालासाहेब जाधव सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. कराडकडची उसाची बागायत, आणि बोलण्यात घरातूनच आलेली जरब. सांगली-साताऱ्याकडच्या पक्ष्यांची फोटोंसकट यादी करायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. चुलतभावानं परदेशातून लांबचं टिपणारी चारशे एमएमची लेन्स आणून दिली होती, पण ती धरायला लागणारा स्थिर हात त्यांच्याकडं नव्हता. जोतीराम पलटणीत फोटो काढायला शिकला होता. एकाहत्तरच्या लढाईनंतर सुटून आला आणि कॉलेजच्या रस्त्यावर त्यानं छोटा स्टुडिओ टाकला. सरांची लेन्स त्याच्या कॅमेऱ्यावर बसत होती.

परत आल्यावर सर स्टुडिओच्या दारातच लेन्स काढून घेत, पुसून पिशवीत घालत आणि घरी नेत. पेपरात फोटो छापून येई तेव्हा खाली नाव असे, ‘छायाचित्र : प्रा. लालासाहेब जाधव’. जोतीरामनं एकदा त्याबद्दल विचारलं.

“बटण दाबलं म्हणजे झालं नाही, जोतीराम. पक्षी ओळखावा लागतो,” सर म्हणाले.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. गाडीवर मागं बसून, मांडीवर कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं आडवं धरून, तो सरांच्या मानेकडं बघत राही आणि द्यायची राहिलेली उत्तरं मनात जुळवत राही.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत दोघं मायणीच्या तळ्यावर गेले. पाण्याकडेच्या बाभळीवर एक करड्या पाठीचा, शेपटीवर पट्टे असलेला पक्षी बसला होता. सरांनी दुर्बीण लावली आणि लगेच उतरवली.

“शिक्रा. घे लवकर.”

जोतीराम भिंगातून बघत होता. “सर, ह्येची चोच शिकऱ्यागत वाकडी दिसंना.”

“तू फोकस बघ. नाव मी सांगतो.”

त्यानं चार फोटो घेतले.

दोन दिवसांनी तो डार्करूममध्ये प्रिंट धूत होता. बायको, अंजना, ट्रे हलवायला शेजारी उभी होती. लाल उजेडात कागदावर फांदी उमटली, मग फांदी धरलेला पाय.

“आवं, ह्येला म्होरं दोनच बोटं हायती,” अंजना म्हणाली.

त्यानं वाकून पाहिलं. दोन पुढं, दोन मागं. शिकऱ्याचा जुना फोटो त्यानं काढला, त्यात तीन बोटं पुढं होती. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन त्यानं इंग्रजी पुस्तकातली चित्रं चाळली आणि खात्री करून घेतली. तो पावशा होता. उन्हाळ्यात गावाकडं दिवसभर ओरडून जीव खाणारा पावशा थंडीत गप्प बसतो, आणि गप्प बसला की शिकऱ्यासारखा दिसतो.

“सरास्नी सांगा की,” अंजना म्हणाली.

“तळ्यावर सांगाय गेलो हुतो.”

“तवा तुमास्नी तरी कुठं ठावं हुतं?”

जोतीरामनं मोठा कागद कापायला घेतला. सव्वीस जानेवारीपासून तीन दिवस कॉलेजच्या सभागृहात पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. सगळे फोटो वहीच्या पानाएवढे होते. हा एकच त्यानं दोन फुटांचा केला, पायाची बोटं स्वच्छ दिसतील असा. सर खूश झाले. त्यांनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात कार्ड लिहिलं, ‘शिक्रा, मायणी’, आणि स्वतः टाचणीनं लावलं.

पहिले दोन दिवस कुणाला काही कळलं नाही. शालूबाई नावाच्या एक शिक्षिका पाचवीच्या मुली घेऊन आल्या होत्या. मुली प्रत्येक फोटोसमोर बसून नावं वहीत उतरवत होत्या. मोठ्या फोटोपाशी एकीनं जोतीरामला विचारलं, “हा शिक्रा काय खातो?”

सर दाराशी उभे राहून ऐकत होते.

“सरडं. चिमण्याबी,” जोतीराम म्हणाला. मुलीनं तेही लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी समारोपाला पुण्याहून पाहुणे आले, वनखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब. संस्थेचे लोक, प्राध्यापक, सगळे त्यांच्या मागून फिरत होते. मोठ्या फोटोसमोर साहेब थांबले. चष्मा वर करून पायाकडं बघितलं, मग कार्डाकडं.

“हा पावशा आहे. शिक्रा कुणी लिहिलं?”

लालासाहेबांनी फोटो पहिल्यांदाच नीट पाहिला. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांचे कान लाल झाले.

“आमच्या फोटोग्राफरनं कार्डांची अदलाबदल केलेली दिसते,” ते म्हणाले. “शिकलेला माणूस नाही. चालायचंच.”

सगळ्यांच्या माना वळल्या. जोतीराम भिंतीशी उभा होता. तीन वर्षं तो मनात उत्तरं जुळवत आला होता. तो भिंतीपासून पुढं आला.

“कार्डं तुमी लावली, सर. अक्षरबी तुमचंच हाय. आन अख्ख्या हॉलात पावशाचं कार्डच न्हाई. अदलाबदल कशासंगं हुईल?”

कुणीतरी खोकलं. पाहुणे पुढच्या फोटोकडं गेले. लालासाहेब जागेवरच उभे राहिले.

सोमवारी सकाळी ते स्टुडिओत आले. प्रदर्शनाच्या गडबडीत लेन्स कॅमेऱ्यावरच राहिली होती. ती ते फिरवून काढू लागले, पण आटे सुटत नव्हते. जोतीराम मदतीला हलला नाही.

“तुला आधीपासून ठाऊक होतं,” सर म्हणाले.

“व्हय.”

“म्हणून तेवढा मोठा केलास.”

“व्हय.”

“पलटणीत हेच शिकवलं का तुला? ज्याच्याबरोबर जायचं त्यालाच खड्ड्यात घालायचं?”

“बोटं म्या न्हाई लावली त्येला.”

लेन्स सुटली. “निगेटिव्ह दे सगळ्या.”

“त्या माझ्या हायत. फिलम माझी.”

“या कॉलेजचं एकही काम आता तुझ्याकडं येणार नाही,” सर म्हणाले, आणि तसंच झालं. विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांचे फोटो त्या वर्षीपासून दुसऱ्या स्टुडिओत निघू लागले.

जोतीरामला त्याचं फार वाटलं नाही. त्याला टोचत होतं ते दुसरंच. महिनाभरानं तो शाळेत गेला, शालूबाईंना व्हरांड्यात गाठलं आणि सांगितलं, “बाई, पोरींनी वहीत शिक्रा लिवलाय त्यो पावशा हाय. आन त्यो अळ्या-किडं खातो. तेवढं दुरुस्त करून घ्या.”

बाईंनी त्याला ओळखलं. “त्या दिवशी मुलीला तुम्हीच सांगितलंत ना, सरडे खातो म्हणून?”

“व्हय.”

“तेव्हा माहीत होतं तुम्हाला?”

त्यानं मान डोलावली. बाई वर्गात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. सर सगळ्यांसमोर तोंडघशी पडले होते, पण जिंकल्यासारखं जे काही वाटत होतं ते त्या व्हरांड्यातच संपलं.

पुढच्या थंडीत तो एस.टी.नं एकटाच मायणीला जाऊ लागला. लांबची लेन्स नव्हती, म्हणून पाण्याकडेला गोणपाटाच्या आडोशात तो चार-चार तास बसे, पक्षी जवळ येईपर्यंत. एका रविवारी दुपारी तो फाट्यावर गाडीची वाट बघत होता. लालासाहेबांची मोटारसायकल येऊन थांबली. गळ्यात नवा कॅमेरा होता. त्यांचे फोटो हललेले निघतात, असं जोतीरामच्या कानावर आलं होतं.

“काय मिळालं?” सरांनी रस्त्याकडं बघत विचारलं.

“धोबी. पाण्याकडंला शेपूट हलवत हुता.”

“कुठला धोबी, पांढरा की पिवळा?”

“अजून ठरवला न्हाई. फिलम धुऊन बघतो, मग लिवतो.”

सरांनी ओठ आवळले. मागची सीट रिकामी होती आणि दोघांनाही सांगलीलाच जायचं होतं. त्यांनी किक मारली आणि ते निघून गेले. जोतीराम धूळ खाली बसेपर्यंत तोंडावर रुमाल धरून उभा राहिला. एस.टी. आली तेव्हा ऊन उतरलं होतं.