मॅम पर्पेतुआंचे चार गुण

मी गणित शिकवतो आणि मोजण्याच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही. म्हणूनच आमच्या विद्यापीठाच्या बढती समितीवर मला सलग दुसऱ्या वर्षी घेतलं होतं. बढती म्हणजे आमच्याकडे फोल्डरचा खेळ. उमेदवाराने आपली प्रमाणपत्रं लावून फोल्डर द्यायचा आणि समितीने कागदागणिक गुण मोजायचे. त्यामुळे फिलिपिन्समधल्या कापिझच्या या किनाऱ्यावर प्राध्यापक मंडळी एकवेळ लग्नाचं जेवण सोडतील, प्रमाणपत्र सोडणार नाहीत. किनारा झाडल्याचं प्रमाणपत्र असतं, डेंग्यूवरचं भाषण ऐकल्याचं असतं. एकाने तर चर्चमधल्या गायनस्पर्धेचा परीक्षक असल्याचंही लावलं होतं.

त्या फेब्रुवारीत सात फोल्डर आले. सहा उशीएवढे जाड होते. सातवा मॅम पर्पेतुआ दुमांकास यांचा, शाळेच्या वहीएवढा.

"एवढंच?" समितीवरच्या ग्रंथपाल मॅम निदा म्हणाल्या. "एकतीस वर्षं नोकरी झाली ना यांची?"

मी मोजलं. पुन्हा मोजलं. पूर्ण प्राध्यापक व्हायला चार गुण कमी पडत होते. मॅम जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. ही फेरी हुकली की कायमची हुकली, आणि पेन्शनही खालच्याच पगारावर बसणार होतं.

"वाईट वाटतं," अध्यक्ष डीन होफिलेन्या म्हणाले, "पण आपण काय करणार?"

"नियम तो नियम," मी म्हणालो आणि फोल्डरवर 'अपुरे' असं लिहिलं.

निकालाआधी उमेदवाराला एकदा बोलवायची पद्धत आहे. मॅम आल्या त्या केळीच्या पानातल्या सुमानचा पुडा घेऊनच.

"मॅम, उमेदवाराने समितीला खायला घालायचं नसतं," डीन म्हणाले.

"उमेदवार मी साडेतीनपासून. अजून दहा मिनिटं आहेत. खा."

खाल्लं. गोड भात घशाखाली उतरल्यावर मी विचारलं, "मॅम, दर मे महिन्यात तुम्ही शिबिर घेता. गावशाळांचे शिक्षक येतात, आपले प्राध्यापक येतात. त्याचं प्रमाणपत्र कुठंय?"

"ते मी देते, सर. घेत नाही."

"आयोजक म्हणून स्वतःचंही एक करायचं."

"आणि खाली सही कुणाची? माझीच? पर्पेतुआने पर्पेतुआचे आभार मानले, असं?"

मॅम निदा तोंडावर हात ठेवून हसल्या. मॅम पर्पेतुआ नाही हसल्या. "आता कुणाकडून लिहून आणते म्हटलं, तर तुमची तारीख गेली असेल."

"गेली," डीन म्हणाले.

"मग जाऊ दे. माझा वर्ग बसलाय." दारात त्या वळल्या. "पानं टाकू नका हं, निदा. माझ्या शेळीला लागतात."

खिडकीतून मला व्हरांडा दिसत होता. वर्ग बसलाय म्हणणाऱ्या मॅम कठड्याला धरून बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

मी पुढचा फोल्डर ओढला. सर अर्नुल्फोंचा. तिसराच कागद, शिबिराला हजर राहिल्याचं प्रमाणपत्र. खाली निळ्या शाईत गोल सही, आणि छापलेलं: आयोजक, पर्पेतुआ दुमांकास. त्याच्या पुढचा फोल्डर उघडला, त्यातही तेच. मग सहाही उघडले. नऊ वर्षांची नऊ वेगवेगळी शिबिरं निघाली. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"डीन," मी म्हणालो, "पुरावा शेवटच्या तारखेआधी समितीकडे यायला हवा, एवढंच नियमात आहे. आलाय की. तो कुणाच्या फोल्डरमधून यावा, हे कुठं लिहिलंय?"

डीननी चष्म्यावरून पाहिलं. "मघाशी 'अपुरे' तुम्हीच लिहिलंत."

"मोजायला चुकलो."

"तुम्ही?"

"मी."

"आणि वरून विचारलं तर?"

"माझ्याकडे बोट दाखवा."

तासभर भांडलो. मी एवढा का पेटलोय, हे त्या दोघांना कळेना. चोराच्या मनात चांदणं. तीन वर्षांपूर्वी माझी स्वतःची बढती काठावर झाली होती, आणि तो काठ म्हणजे याच शिबिराचा अर्धा गुण. शिबिर तीन दिवसांचं. पहिला दिवस मी बसलो, त्या रात्री बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं, नंतर फिरकलोच नाही. पुढच्या आठवड्यात मॅमनी प्रमाणपत्र हातात ठेवलं आणि फक्त विचारलं, "आता कशी आहे ती?" मी ते मुकाट फोल्डरला लावलं. नियम तो नियम, हे मी तेव्हापासूनच जरा जास्त मोठ्याने म्हणायला लागलो होतो. खोलीत हे कबूल करावंसं वाटलं, पण मग मॅमच्या सगळ्याच सह्यांवर संशय आला असता. म्हणून भांडत राहिलो.

शेवटी डीन म्हणाले, "आयोजकाला शिबिरामागे किती?"

"अर्धा. नऊ शिबिरांचे साडेचार."

मॅम निदा तोवर झेरॉक्स काढायला गेल्यासुद्धा होत्या.

एप्रिलमध्ये वरून मंजुरी आली. सांगायला मी स्वतः गेलो. मॅम पुढच्या शिबिराची नावं लिहीत होत्या.

"झालं, मॅम. पूर्ण प्राध्यापक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चार गुण आणलेत कुठून?"

मी सांगितलं. आधी त्या हसल्या, मग चष्मा काढून रुमालाने डोळे पुसत बसल्या. "मला वाटायचं, ती सही कुणी वाचतच नाही," त्या म्हणाल्या.

मी जायला निघालो.

"सर एव्हारिस्तो, तुमचे दोन दिवस बाकी आहेत."

माझे कान तापले. "कसले?"

"माहीत आहे तुम्हाला. एकोणीस-वीस मे. डबा आणा."

गेलो. गावशाळेच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून दोन्ही दिवस बसलो. शिंपल्यांवरून पाढे कसे शिकवायचे, हे तिशीतल्या एका बाईंकडून शिकलो, आणि खरं सांगतो, मला ते येत नव्हतं. शेवटी मॅमनी नावं पुकारली. चाळीस जण उठले, प्रमाणपत्रं घेऊन गेले. मी सवयीने अर्धा उठलोही होतो. माझं नाव आलंच नाही.

मंडळी पांगल्यावर मी टेबलाशी गेलो. "मॅम, माझं?"

मॅम उरलेल्या कोऱ्या कागदांना रबर लावत होत्या. "तुम्हाला कधीच दिलंय की," त्या म्हणाल्या. "आज ते खरं झालं."